दोरी आहे, पण ओढत कोणी नाही

प्रश्न : मी भोसरीजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. गाड्यांना लागणारे सुटे भाग आम्ही बनवतो. मागच्या दिवाळीनंतर आमच्या असेंब्ली लाइनवर डोक्याच्या उंचीवर एक पिवळी दोरी बांधली. पोस्टर लागलं, पेढे वाटले, प्लँट हेडनी भाषण केलं. काही चूक दिसली तर कोणीही दोरी ओढून लाइन थांबवा, तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, असं ते म्हणाले. तेव्हापासून ती दोरी जवळपास कोणी ओढलेलीच नाही. रिजेक्शन मात्र होतं तेवढंच आहे. ही दोरी मुळात आली कुठून? आणि ती कुठे खरंच चालली आहे का?

उत्तर : चालली आहे, आणि जिथे ती चालेल असं कोणाला वाटलं नव्हतं तिथे चालली आहे. ती हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या लाइनवर काय अडलंय ते तिच्या तपशिलात सापडेल.

सुरुवात मोटारीपासून होत नाही, मागापासून होते. साकिची टोयोडा हा जपानमधल्या एका सुताराचा मुलगा. त्याने जन्मभर मागावर डोकं चालवलं. धागा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी सोय त्याने यंत्रमागात केली. १९२४ साली तयार झालेला त्याचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग पुढे जगभर गाजला. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या वाचकांना याचं मोल सांगायला नको. धागा तुटूनही माग चालत राहिला तर कापड वाया जातं, आणि ते जाऊ नये म्हणून प्रत्येक मागापाशी माणूस डोळे लावून उभा ठेवावा लागतो. माग स्वतः थांबत असेल तर एकच माणूस अनेक माग सांभाळतो. साकिचीच्या मुलाने, किइचिरोने, मोटारींचा धंदा काढला, तीच आजची टोयोटा कंपनी. पुढे ताइची ओनो या अभियंत्याने मागातली ही कल्पना मोटारीच्या लाइनवर आणली. ओनोची उमेदवारीही टोयोडांच्या कापडधंद्यातच झाली होती. मोटारीच्या लाइनवर मात्र बोल्ट तिरका बसलाय हे लाइनला कळत नाही, ते तिथे उभ्या असलेल्या माणसाला कळतं. म्हणून लाइन थांबवण्याची ताकद त्या माणसाच्या हातात आली.

आता कॅलिफोर्नियाला चला. सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा मोठा कारखाना होता. त्याची कीर्ती इतकी वाईट, की अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत त्याचं नाव वाईटात वाईट म्हणून घेतलं जाई. कोणत्याही दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर. कामावर दारू पिणं, अचानक संप, तक्रारींचे ढीग. चिडलेले कामगार मुद्दाम दारांच्या आत रिकाम्या बाटल्या सोडून द्यायचे, म्हणजे गाडी घेणाऱ्याला खडखडाट ऐकू येत राहील आणि कारण कधीच सापडणार नाही. या सगळ्यावर एकच नियम होता, लाइन थांबता कामा नये. गाडीला चुकीचा भाग लागला तरी ती पुढे जायची आणि शेवटी दुरुस्तीच्या आवारात जाऊन उभी राहायची. १९८२ साली कंपनीने हा कारखाना बंद केला.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, तो ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा उघडला. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांची ही भागीदारी होती आणि कारखाना चालवायची जबाबदारी टोयोटाकडे होती. या कथेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की घेतलेल्या कामगारांपैकी बहुतांश, म्हणजे ८५ टक्क्यांच्या आसपास, त्याच जुन्या कारखान्यातले होते. युनियनही तीच. संप करणारे, दांड्या मारणारे म्हणून ज्यांना नावं ठेवली जात होती तेच हे लोक. त्यांच्यातल्या काहींना गट करून जपानला पाठवलं. टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात ते तिथल्या कामगारांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तिथे त्यांनी दोरी पाहिली, आणि ती ओढल्यावर काय होतं तेही पाहिलं.

नेमकं काय होतं ते बघा. दोरी ओढली की लाइन तत्क्षणी थांबते असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. एका कामगाराच्या वाट्याला साधारण एका मिनिटाचं काम असतं. समजा सीटचा बोल्ट तिरका बसला, आटे धरेनात. कामगार दोरी ओढतो. वरच्या फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो आणि एक धून वाजू लागते. लाइन अजून सरकतेच आहे. टीम लीडर हातातलं काम टाकून तिथे येतो आणि काय झालं ते विचारतो. गाडी त्या जागेची हद्द ओलांडायच्या आत दोघांनी मिळून बोल्ट नीट बसवला तर लीडर दोरी पुन्हा ओढतो, दिवा विझतो, काम पुढे चालू. तेवढ्यात नाही जमलं तरच हद्दीच्या रेषेवर लाइन थांबते. बहुतेक वेळा ती थांबतच नाही. म्हणजे दोरी ओढणं ही मदतीची हाक आहे, आणि तिला काही सेकंदांत उत्तर देणं ही कोणाची तरी ठरलेली नोकरी आहे. दोरी बांधायला फारसा खर्च येत नाही. खरा खर्च येतो तो हाकेला धावणाऱ्या माणसाचा. नुम्मीत पाच-सात जणांमागे एक टीम लीडर होता, आणि त्याला स्वतःचं ठरावीक काम जवळपास ठेवलेलंच नव्हतं, कारण त्याने मोकळं असणं गरजेचं होतं.

थोड्याच काळात या कारखान्यातली गैरहजेरी सुमारे २ टक्क्यांवर आली. गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या तोडीचा झाला. माणसं तीच होती, हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं. आपल्याकडे काम बिघडलं की ‘आजकाल माणसंच चांगली मिळत नाहीत’ हे वाक्य फार लवकर तोंडी येतं. फ्रीमाँटने त्या वाक्याचं उत्तर दिलेलं आहे.

दोरीच्या भोवती आणखी काय काय होतं ते पोस्टरवर येत नाही. जुन्या कारखान्यात कामाचे ऐंशीच्या वर वेगवेगळे हुद्दे होते, इथे उत्पादनाचा एकच हुद्दा ठेवला. साहेबांसाठी वेगळी कँटीन नाही, गाडी लावायला वेगळी राखीव जागा नाही. आणि एक वचन होतं, कंपनीवर अगदीच गदा आल्याशिवाय कोणाला कमी करणार नाही. त्या वचनाची परीक्षा १९८८ साली झाली. मागणी घसरली, निम्म्याच्या थोडंच वर काम उरलं. कामावरून कोणालाही काढलं नाही. रिकाम्या झालेल्या लोकांना प्रशिक्षणात आणि कामाच्या पद्धती सुधारण्यात गुंतवलं. दोरीवर खरा विश्वास बसला असेल तर तो त्या वर्षी. दोष दाखवल्याने आपली भाकरी जाणार नाही, हे कामगाराला ठाऊक असल्याशिवाय तो दोष दाखवत नाही.

मग जनरल मोटर्सने ही पद्धत आपल्या बाकीच्या कारखान्यांत का नेली नाही? नेण्याचा प्रयत्न केला. लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइसच्या कारखान्यात टीम केल्या, साधनं आणली. पण दर तासाला किती गाड्या बाहेर पडल्या यावरच साहेबांचं मोजमाप होत राहिलं. लाइन थांबली की आरडाओरडा व्हायचा, मग दोरीला कोण हात लावणार? युनियनमध्येही यावरून दुफळी होती. तो कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. एका अधिकाऱ्याने तर नुम्मीच्या कोपऱ्याकोपऱ्याचे फोटो काढून आणायला सांगितले होते, म्हणजे आपला कारखाना तसाच दिसेल, अशी गोष्ट सांगतात. दोरी फोटोत येते. ती ओढल्यावर येणाऱ्या टीम लीडरचा आवाज कसा असतो ते फोटोत येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतल्या लेखकांनी १९८८ मध्येच नुम्मीवर कडक टीका केली होती. त्यांचं म्हणणं असं, की इथे मिनिटातला सेकंद न् सेकंद कामाने भरलेला असतो, दिवे लागत नसतील तर लाइनचा वेग वाढवला जातो आणि ताण कामगाराच्या अंगावर येतो. या टीकेत तथ्य आहे. दोरीमुळे काम हलकं होत नाही. आणि २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या जनरल मोटर्सने भागीदारी सोडली, पुढच्या वर्षी टोयोटानेही कारखाना बंद केला, तेव्हा हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्याच. (त्या इमारतीत आता टेस्लाच्या गाड्या बनतात.) तरीही पाव शतक तिथे जे घडलं ते खोटं ठरत नाही.

आता तुमच्या लाइनकडे येतो. तुमच्या शिफ्टमध्ये कंत्राटी मुलं किती आहेत? अकरा महिन्यांनी ज्याचा गेटपास नव्याने होणार की नाही हे कोणा दुसऱ्याच्या हातात आहे, तो मुलगा लाइन थांबवेल अशी अपेक्षा करू नका. त्याला दिलेला अधिकार कागदावरच राहतो. दुसरं, तुमच्या फलकावर काय लिहिलेलं असतं? फक्त टार्गेट आणि झालेले नग असतील तर सगळ्यांना दिसतं ते तेवढंच. तिसरं, पहिल्यांदा कोणी दोरी ओढली तेव्हा काय झालं होतं, ते आठवा किंवा विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी पहिल्याला ‘कोणी ओढली रे?’ असं ऐकावं लागतं, आणि ते चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शॉपमध्ये पोचतं.

प्लँट हेडचं मोजमाप तुम्ही बदलू शकणार नाही, पण तुमच्या लाइनपुरतं करण्यासारखं पुष्कळ आहे. उद्या शिफ्टच्या सुरुवातीला एका जुन्या, मुरलेल्या ऑपरेटरला सांगा, की आज काही खटकलं तर तू ओढ, मी येतो. त्याने ओढली की तुम्ही चालत नाही, धावत जा. कोण चुकलं हे न विचारता भाग हातात घ्या आणि काय झालं ते विचारा. दुसऱ्या दिवशी त्या अडचणीचं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगा. मागून आलेल्या भागात दोष असेल तर मागच्या विभागाशी बोललात हेही सांगा. काही आठवडे असं चाललं तर दोरी ओढणाऱ्यांत नवी मुलंही दिसू लागतील. लाइन थांबल्याचा हिशोब वरून मागितला जाईल तेव्हा ‘लाइन मी थांबवली’ असं म्हणायची तयारी मात्र ठेवा.

प्रश्न : मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. काही वेळा डॉक्टरांकडून एखादी पायरी राहते, घाईत हात धुवायचे राहतात. दिसतं, पण बोलायची हिंमत होत नाही. बोललेल्या एका सहकारी सिस्टरला सगळ्यांसमोर झापलेलं मी पाहिलं आहे. हे बदलण्यासाठी कुठे काही केलं गेलं आहे का?

उत्तर : केलं गेलं आहे, आणि तेही अगदी तुमच्याच विभागात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हे नामांकित रुग्णालय आहे. तिथे २००१ साली पीटर प्रोनोव्होस्ट या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी एक साधी यादी केली. मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन घालताना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून करायच्या पाच गोष्टी त्यात होत्या. हात साबणाने धुणं, रुग्णाची त्वचा जंतुनाशकाने पुसणं, अंगावर पूर्ण निर्जंतुक चादर घालणं, डॉक्टरांनी मास्क-टोपी-गाऊन-हातमोजे घालणं, आणि नळी बसल्यावर त्या जागी निर्जंतुक पट्टी लावणं. यातलं नवीन काहीच नव्हतं, हे प्रत्येक डॉक्टर शिकलेलाच असतो. त्यांनी सिस्टरांना महिनाभर नुसतं पाहून नोंद करायला सांगितलं. तेव्हा निघालं असं, की एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत यातली एक तरी पायरी गाळली जात होती.

नोंदीनंतर जे केलं गेलं ते तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. रुग्णालयाच्या प्रशासनाने सिस्टरांना अधिकार दिला, की पायरी गळली तर डॉक्टरांना तिथेच थांबवायचं. प्रशासन आपल्या बाजूने उभं आहे, हे सिस्टरांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही आधी सांगितलेलं होतं. वर्षभराने पाहिलं तेव्हा दहा दिवसांत संसर्ग होण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आलेलं होतं. मग हाच प्रयोग मिशिगन राज्यातल्या शंभरहून जास्त अतिदक्षता विभागांत झाला. त्याचे निष्कर्ष डिसेंबर २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली आणि ती दीड वर्ष टिकली. लोक या यशाचं श्रेय यादीला देतात. मला वाटतं निम्मं श्रेय त्या अधिकाराचं आहे, कारण भिंतीवरची यादी डॉक्टरांना थांबवू शकत नाही.

याच रुग्णालयात २००१ मध्येच दीड वर्षाची एक मुलगी दगावली होती. भाजल्याच्या जखमांतून ती बरी होत आली होती. मुलीला फार तहान लागतेय, तिचं काहीतरी बिघडलंय, असं तिची आई पुन्हा पुन्हा सांगत होती. ते वेळेवर ऐकलं गेलं नाही. पुढे त्या आईने आणि प्रोनोव्होस्ट यांनी मिळून रुग्णसुरक्षेसाठी काम केलं. या कामामागची तळमळ कुठून आली ते यावरून कळतं.

आणखी एक अभ्यास तुमच्या मेट्रन मॅडमना जरूर सांगा. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या गटांत चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता, पण आकडे उलटेच आले. चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं, की तिथे लोक चुकीबद्दल मोकळेपणाने बोलत होते, आणि जिथे प्रमुखाची दहशत होती तिथे चुका लपत होत्या. त्यातूनच पुढे १९९९ साली त्यांचा मानसिक सुरक्षिततेवरचा निबंध आला. तेव्हा एखाद्या वॉर्डची चुकांची वही कोरी असेल तर प्रमुखांनी समाधान मानू नये, चौकशी करावी.

तुम्हाला एकच सांगेन. एकटीने धाडस करण्याचा भार स्वतःवर घेऊ नका. तुमच्या सहकारी सिस्टरला झापलं गेलं ते सगळ्यांसमोर, तर अधिकारही सगळ्यांसमोरच दिला गेला पाहिजे. मेट्रन आणि वैद्यकीय संचालक यांच्याकडे दोघी-चौघींनी मिळून जा. सेंट्रल लाइनपुरती पाच ओळींची यादी आणि ‘सिस्टर थांबवू शकतात’ हे एक वाक्य, संचालकांच्या सहीने, डॉक्टरांच्या बैठकीत वाचून दाखवलं जाऊ दे. सुरुवात एवढ्या एका कामापासूनच करा.

प्रश्न : पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरी करते. आमचे संस्थापक फार उत्साही आहेत. आपण एक कुटुंब आहोत, जग बदलायचं आहे, असं ते सांगतात आणि रात्री बारालाही मेसेज करतात. सुरुवातीला भारावून जायला झालं, आता थकवा येतो. नेत्याची तळमळ खरी आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर : तळमळ खरी असेल तर तिची किंमत आधी नेता स्वतः मोजतो. तुमच्या संस्थापकांच्या भाषणापेक्षा, त्यांनी कशासाठी तोटा सोसला ते बघा.

अल्कोआ या अमेरिकेतल्या अॅल्युमिनियम कंपनीचं उदाहरण घ्या. पॉल ओनील १९८७ साली तिचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात नफ्याबद्दल बोलण्याऐवजी ते कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल बोलले, आणि आग लागली तर या सभागृहातून बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत तेही त्यांनी दाखवलं. ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटलं, हा माणूस कंपनी बुडवणार. काही महिन्यांतच अॅरिझोनातल्या एका कारखान्यात यंत्रात अडकलेला तुकडा काढायला गेलेला एक तरुण कामगार मेला. ओनील यांनी वरिष्ठांना बोलावलं आणि या मृत्यूला आपण सगळे, आणि सर्वात आधी मी स्वतः, जबाबदार आहोत असं मानून चौकशी केली. कोणालाही इजा झाली तर त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत थेट त्यांना कळवायचं आणि पुन्हा होऊ नये यासाठी काय करणार तेही सांगायचं, असा दंडक घातला. स्वतःच्या घरचा फोन नंबर त्यांनी कामगारांना दिला. साहेब ऐकत नसतील तर मला फोन करा, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांच्याही कंपनीत रात्री फोन वाजत असणार, पण तो खालून वर जाणारा फोन होता.

१९९६ मध्ये भागधारकांच्या सभेत एका ख्रिस्ती साध्वीने उठून सांगितलं, की मेक्सिकोतल्या तुमच्या कारखान्यात वायूमुळे कामगार आजारी पडले. ओनील यांनी तपास केला. घटना खरी निघाली. यंत्रणा दुरुस्त झाली होती, पण वर कळवलं गेलं नव्हतं. तो विभाग ज्यांच्या हाताखाली होता ते कंपनीतल्या सर्वात यशस्वी अधिकाऱ्यांपैकी एक होते. ओनील यांनी त्यांना काढून टाकलं. असा निर्णय घेताना धंद्याचं नुकसान दिसत असतं, तरी तो घेतला गेला. त्यांच्या कारकिर्दीत दर शंभर कामगारांमागे इजेमुळे बुडणाऱ्या दिवसांचं प्रमाण १.८६ वरून ०.२ च्या आसपास आलं, आणि नफाही कित्येक पटींनी वाढला.

तेव्हा तुमच्या संस्थापकांना एखाद्या सोमवारी शांतपणे सांगून पाहा, की रात्रीच्या मेसेजमुळे कामात चुका होतात, आणि तुमच्या कामातलं एक उदाहरण द्या. त्यावर ते काय करतात ते महिनाभर पाहा. बदलले तर त्यांची तळमळ तुमच्यासाठीही आहे. नाही बदलले तर तुमचा थकवा खरा आहे, त्याला उत्साहाची कमतरता समजू नका, आणि दुसरी नोकरी शोधण्यात अपराध मानू नका.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या आमच्या बचत गटाचं मसाल्याचं काम चांगलं चाललंय. आम्ही वीसेक बायका आहोत. अध्यक्ष ताई मनापासून राबतात, पण सगळं त्याच ठरवतात. त्यांना न दुखावता यात सगळ्यांना भाग कसा मिळेल?

उत्तर : तुमच्या ताईंचा मान राखूनच हे होईल, आणि त्याचा नमुना मुंबईत गिरगावातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्याचंच पुढे ‘लिज्जत’ झालं. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. संस्था आज हजारो बायकांची आहे, पण तिची घडी सुरुवातीचीच राहिली. काम करणारी प्रत्येक बाई सभासद आणि मालक, तिला ‘भगिनी’ म्हणतात. पुरुष नोकरीला असतात, सभासद होऊ शकत नाहीत. संचालिका लाटणाऱ्यांतूनच पुढे येतात. निर्णय एकमताने होतात आणि एखाद्या भगिनीची हरकत असेल तर ती तो अडवू शकते. हजारो सभासद असलेल्या संस्थेत असा नियम टिकतो, तर वीस बायकांत नक्की टिकेल.

सुरुवातीच्या काळात छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, या बायकांच्या पाठीशी होते. त्यांचा आग्रह दोन गोष्टींचा होता. पापडाच्या दर्जात तडजोड करायची नाही, आणि हिशोब चोख ठेवायचा. तुम्ही हिशोबापासून सुरुवात करा. ताईंना म्हणा, तुमच्यावर फार भार पडतो, वही आता दर महिन्याला एकेकीकडे फिरू दे, आणि बैठकीत ती मोठ्याने वाचू या. मिरचीचा भाव काय लागला, डंकावर दळायला किती दिले, कोणत्या दुकानाकडे उधारी किती, हे वीसही जणींना कळलं की मग पुढच्या खेपेला मिरची कुठून घ्यायची हे एकटीने ठरवायची वेळ ताईंवर येणार नाही. पहिल्या बैठकीत वही वाचायला सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाईला बसवा, आणि ती अडखळली तर शेजारचीने तिला सांगावं.